एक गोष्ट काढून बघ

तू लिहिलंयस, ‘मॅडम, व्याख्या सगळ्या पाठ होत्या, आकृत्याही काढल्या, तरी चाचणीत वीसपैकी साडेसहा मिळाले. नक्की चुकतं कुठे?’ सोबत चार प्रश्न आणि त्यांना तू दिलेली उत्तरं पाठवलीस. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी प्रश्न उतरवून घेते.

एक : आईचा रक्तगट ओ, वडिलांचा बी, मुलाचा एबी. हे शक्य आहे का? सकारण सांगा. दोन : कांद्याच्या मुळाच्या पेशीत जी-२, मेटाफेज आणि ॲनाफेजला (हे पेशी विभागण्याआधीचे आणि विभागतानाचे टप्पे) गुणसूत्रं किती, क्रोमॅटिड (नक्कल झालेल्या गुणसूत्राचे धागे) किती? कोल्चिसिन दिलं तर काय होईल? तीन : ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून त्यांचे दोन प्रकार ओळखायची पद्धत) करताना आयोडीन विसरलं तर काय दिसेल, अल्कोहोल विसरलं तर काय दिसेल? चार : डोकं तुटलेलं झुरळ काही दिवस कसं जगतं?

सत्तावीस वर्षं शिकवतेय, त्यातली वीसेक वर्षं पेपरही काढतेय, म्हणून आतली गोष्ट सांगते. आनुवंशिकी, पेशी, सूक्ष्मजीव, प्राणी असे चार वेगळे विषय दिसतात, पण चारही प्रश्न एकाच पद्धतीने काढलेत. चालू असलेल्या यंत्रातला एक भाग पेपर काढणाऱ्याने हळूच काढून घेतलाय आणि विचारलंय, आता काय होईल? व्याख्या पाठ असलेल्या मुलाला यंत्राचं नाव माहीत असतं. कुठला भाग नेमकं काय करतो हे माहीत नसलं की तो इथे अडकतो. म्हणून घरी अभ्यास करतानाच प्रत्येक प्रक्रियेतून एकेक गोष्ट काढून बघायची. तुझ्या चार प्रश्नांवर तेच करू.

पहिल्याला तू लिहिलंस, ‘शक्य नाही, कारण ओ गटाच्या आईकडे ए जनुक नसतं.’ बारावीच्या पुस्तकाप्रमाणे हे बिनचूक आहे. पण ‘सकारण सांगा’ म्हटल्यावर तू एक पायरी गाळलीस : आईचा गट ओ आहे हे ठरवलं कसं?

प्रॅक्टिकल आठव. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, त्यावर निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी आणि बिनरंगी अँटी-डी. काडीने ढवळायचं, पट्टी हातात धरून हलकेच डोलवायची, आणि मिनिटभरात थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो का ते बघायचं. निळ्यात फुटला तर ए, पिवळ्यात फुटला तर बी, दोन्हीकडे गुळगुळीत राहिला तर ओ. ही चाचणी काय सांगते? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर ए किंवा बी आहे की नाही, एवढंच. त्या बाईच्या गुणसूत्रांवर कोणतं जनुक बसलंय याबद्दल काचपट्टी अवाक्षर काढत नाही. पृष्ठभागावरून जनुकाकडे तू उडी मारलीस आणि मधला पूल आहे का ते बघितलं नाहीस.

तो पूल असा. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली गेली की तयार होतो एच अँटिजेन, म्हणजे पेशीवरची एक ओळखखूण. एच ही खुंटी समज. ए जनुकाचं एन्झाइम त्या खुंटीवर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन टांगतं, बी जनुकाचं एन्झाइम गॅलॅक्टोज टांगतं. एबी व्यक्तीत दोन्ही कामाला असतात. आणि ओ जनुक? नेहमीच्या ओ जनुकात ए जनुकाच्या तुलनेत एक बेस गळालेला असतो. त्यामुळे पुढची सगळी अक्षरं सरकतात आणि एन्झाइम अर्धवट, निकामी तयार होतं. कोणी काहीच टांगत नाही, खुंटी मोकळी राहते. म्हणूनच सर्वांत जास्त एच दिसतो तो ओ गटाच्या पेशींवर. ‘ओ म्हणजे काहीच नाही’ असं सर्रास लिहिलं जातं, पण ओ म्हणजे नुसती खुंटी. आणि ओ अप्रभावी का, तेही इथेच कळतं. ए-ओ व्यक्तीत ए जनुकाची एकच प्रत असते, पण ती पृष्ठभाग भरून टाकण्याइतकं एन्झाइम बनवते. ओ जनुक हरत वगैरे नाही, ते कामावर आलेलंच नसतं.

आता एक गोष्ट काढू. ए किंवा बी काढलं तर ओ मिळतो, हे झालं. खुंटीच काढली तर?

खुंटी बसवणारं जनुक वेगळं आहे. एबीओ जनुक नवव्या गुणसूत्रावर, एच जनुक एकोणिसाव्यावर. एचच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की फ्युकोज जोडलं जात नाही, एच तयार होत नाही. अशा बाईकडे ए जनुक अगदी धडधाकट असेल, त्याचं एन्झाइमही रोज तयार होत असेल, पण हातातली पिशवी टांगायची कुठे? काचपट्टीवर दोन्ही थेंब गुळगुळीत. तंत्रज्ञ वहीत ‘ओ’ लिहून मोकळा.

हा शोध आपल्याकडचा आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा व्यक्तींचं वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं, आणि जगभरच्या पुस्तकांत या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव चिकटलं. शहराचं नाव बदललं तरी रक्तगटाचं बदललं नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगितलं जातं, युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास. भारतात आढळणाऱ्या या गटात एच जनुकाच्या एन्झाइममध्ये बहुधा २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन आलेलं असतं. तीनशे पासष्ट अमिनो आम्लांतलं एक बदललं आणि खुंटी गेली. गंमत म्हणजे खुंटी नसल्याने त्या माणसाचं रोजच्या जगण्यात काही अडत नाही. तो आजारी नसतो. रक्त देण्याघेण्याची वेळ आली की मात्र अडतं.

तिथे दुसरी बाजू येते, आणि या प्रश्नातले उरलेले दोन मार्क तिथेच असतात. आपल्या पेशींवर जे नाही त्याच्या विरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या प्लाझ्मात असतात. ओ माणसाकडे अँटी-ए आणि अँटी-बी. बॉम्बे माणसाकडे या दोन्ही, शिवाय अँटी-एच. ओ गटाचं रक्त ‘सर्वांना चालतं’ म्हणून त्याला चढवलं, तर त्या पेशींवर एचच एच, आणि शरीराच्या तापमानाला त्या पेशी फुटायला लागतात. म्हणून त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. ओळखायचं कसं? गट दोन्ही बाजूंनी तपासायचा. त्या व्यक्तीचा सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घेऊन त्यात माहितीतल्या ओ पेशी टाकायच्या. खऱ्या ओ माणसाच्या सिरममध्ये त्या शांत राहतात, बॉम्बे सिरममध्ये त्यांच्या गुठळ्या होतात. शिवाय अँटी-एच लेक्टिन नावाचं एचला चिकटणारं प्रथिन असतं, ते ओ पेशींना चिकटतं आणि बॉम्बे पेशींना चिकटत नाही. काचपट्टीवरची एकतर्फी चाचणी इथे फसते, हे वाक्य उत्तरात असायलाच हवं.

आता तुझा प्रश्न दोन ओळींत सुटतो. आई बॉम्बे आहे : एचच्या दोन्ही प्रती निकामी, पण एबीओच्या जागी निदान एक ए. वडील बी, आणि त्यांच्याकडे एचची निदान एक चांगली प्रत आहेच, नाहीतर त्यांच्यावर बी दिसलाच नसता. मुलाला आईकडून ए आणि निकामी एच, वडिलांकडून बी आणि चांगला एच. खुंटी आली, दोन्ही पिशव्या टांगल्या गेल्या, मुलगा एबी. आईच्या अंगात लपलेला ए मुलाच्या पेशीवर दिसला.

याच गोष्टीचं गणितही येतं, तयार ठेव. आईवडील दोघेही एबी आणि दोघांकडेही एचची एक चांगली, एक निकामी प्रत. दोन जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर, म्हणून ती एकमेकांची वाट न बघता वाटली जातात. मुलं सोळांत किती? ए ३, एबी ६, बी ३, आणि ओसारखी दिसणारी ४. पुस्तकातलं अप्रभावी एपिस्टॅसिसचं (एका जनुकाने दुसऱ्याला झाकण्याचं) ९:३:४ पाठ केलेली मुलं इथे गडबडतात, कारण ए आणि बी सहप्रभावी (दोन्ही एकदम दिसणारे) असल्याने ९:३ची फोड ३:६:३ अशी होते. पाठ करू नकोस, दोन ओळीत मांड : एबीओचा हिशोब १:२:१, एचचा ३:१, दोन्हींचा गुणाकार. पाऊण वाट्यातले तीन तुकडे ३, ६, ३ आणि उरलेला पाव वाटा सगळा एकाच दिसण्यात.

आणि ‘एच प्रभावी आहे म्हणून तो ए-बीला झाकतो’ असं लिहू नकोस. प्रभावीपणा एकाच जनुकाच्या दोन प्रतींमधला असतो, एपिस्टॅसिस दोन वेगळ्या जनुकांमधला. शिवाय इथे झाकतोय तो निकामी एच, तोही दोन्ही प्रती निकामी असतील तेव्हाच. म्हणूनच हा गट नात्यातल्या लग्नांत जास्त सापडतो. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर दोघांकडे एकाच आजोबांची निकामी प्रत आलेली असण्याची शक्यता वाढते.

एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी रक्तगटाच्या प्रॅक्टिकलनंतर एका मुलीने घरच्या सगळ्यांची कार्डं आणली, वंशावळ काढायला म्हणून. तिचा गट बसेना. वर्गात कुजबुज सुरू झाली, तिचा चेहरा उतरला. मी वंशावळीचा विषय तिथेच थांबवला आणि वडिलांचा गट पुन्हा तपासून आणायला सांगितलं. कुठल्याशा शिबिरात दिलेलं त्यांचं कार्डच चुकीचं निघालं. तेव्हापासून घरची कार्डं वर्गात आणायला माझी बंदी आहे. गट जुळत नाही म्हटलं की पहिला संशय कार्डावर घ्यायचा, दुसरा चाचणीच्या पद्धतीवर, तिसरा बॉम्बेवर. माणसांवर संशय घेण्याइतका पुरावा काचपट्टीत नसतो.

आता कांदा. तू मेटाफेजला ३२ गुणसूत्रं लिहिलीस. असं लिहिणारी तू एकटी नाहीस, दर वर्षी निम्मा वर्ग लिहितो. एकच नियम धर : गुणसूत्रं मोजायची तर सेंट्रोमिअर, म्हणजे धागे जोडणारे सांधे, मोजायचे. दुभंगलेल्या धाग्यांना एकच सेंट्रोमिअर धरून ठेवतो तोवर ते एक गुणसूत्र.

कांद्यात २एन, म्हणजे गुणसूत्रांचे दोन्ही संच मिळून, १६. जी-२च्या आधीच्या एस अवस्थेत डीएनएची नक्कल झाली, तरी सेंट्रोमिअर प्रत्येक जोडीला सांधून ठेवतोच. म्हणून जी-२ला १६ गुणसूत्रं, ३२ क्रोमॅटिड, डीएनए ४सी (नकलेआधीच्या २सीच्या दुप्पट). मेटाफेजला तेच, फक्त आता दाट होऊन मध्यरेषेवर आलेले. ॲनाफेजला सांधा सुटतो. त्या क्षणी प्रत्येक क्रोमॅटिड स्वतःचं गुणसूत्र होतं, आणि अख्ख्या पेशीत ३२, प्रत्येक टोकाकडे निघालेली १६. डीएनए मात्र अजूनही ४सीच, कारण पेशी अजून वाटली गेलेली नाही. तुझी चूक नेमकी कुठे झाली दिसतंय? मोजणी दुप्पट कधी होते, हे तू नकलेशी बांधलंस. ती सांधा सुटण्याशी बांधलेली आहे. मिओसिसला (बीजपेशी बनवणाऱ्या विभाजनाला) हाच नियम लावला की पहिल्या विभाजनानंतर ८ गुणसूत्रं आणि १६ क्रोमॅटिड हे आपोआप येतं, कारण पहिल्या विभाजनात जोडीदार वेगळे होतात आणि सेंट्रोमिअर शाबूत राहतात.

कोल्चिसिन म्हणजे यातून काढलेली गोष्ट. ते ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, त्याच्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही, म्हणजे गुणसूत्रं ओढणाऱ्या दोऱ्या जातात. गुणसूत्रं दाट होतात, पण त्यांना ओढायला कोणी नाही. म्हणून पेशी मेटाफेजसारख्या अवस्थेत अडकून राहतात, आणि म्हणूनच गुणसूत्रं मोजायला ते वापरतात. तू इथवर लिहिलंस, एक मार्क मिळाला. पुढे काय होतं? काही पेशींत थोड्या वेळाने सांधे सुटतात, पण ओढणारं कोणी नसल्यामुळे सगळी ३२ एकाच केंद्रकात बंद होतात. झाली ४एन, म्हणजे चार संचांची पेशी. बिनबियांचं कलिंगड असंच जन्मतं. कलिंगडाची २२ गुणसूत्रं कोल्चिसिनने ४४ करायची, त्याचा २२ वाल्याशी संकर करायचा, मिळतं ३३ वालं रोप. मिओसिसला तिघं भाऊ जोडी लावायला बसतात आणि तिसरा एकटाच राहतो. वाटप विस्कटतं, बी भरत नाही.

पुस्तकात कोल्चिसिनचा उगम म्हणून युरोपातलं कोल्चिकम दिलेलं असतं. पण पावसाळ्यात कोकणात किंवा घाटात झुडपांवर चढलेली, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची कळलावी तू पाहिली असशील, तिच्यातही कोल्चिसिन असतं. कंद विषारी आहे. दुसऱ्याच्या पेशींत दोऱ्या बनू न देणारं द्रव्य विषारी का असावं, हा व्हायवाला विचारण्यासारखा प्रश्न आहे. मी विचारते.

तिसऱ्या प्रश्नावर फार वेळ घालवायला नको, पण तो सोडू नकोस, दर दोन वर्षांनी येतोच. तू ग्रॅम स्टेनच्या चार बाटल्यांचा क्रम अचूक लिहिलास : क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन. क्रम कोणी विचारलाच नव्हता. प्रत्येक बाटली काढून बघ.

क्रिस्टल व्हायोलेट दोन्ही प्रकारच्या जिवाणूंत शिरतं. या टप्प्याला सगळे जांभळे. आयोडीन आत जाऊन त्या रंगाशी मोठा गठ्ठा बांधतं. मग अल्कोहोल. ग्रॅम-पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकनची जाड भिंत अल्कोहोलने पाणी सोडून आवळते, गठ्ठा आत कोंडला जातो. ग्रॅम-निगेटिव्हचं बाहेरचं लिपिड पटल विरघळतं, आतली पातळ भिंत गठ्ठा धरू शकत नाही, रंग धुतला जातो. सॅफ्रानिन त्या बिनरंगी पेशींना गुलाबी करतं. आता आयोडीन काढ : गठ्ठाच बांधला गेला नाही, सुटा रंग अल्कोहोलबरोबर जाड भिंतीतूनही निसटतो, सगळं गुलाबी. अल्कोहोल काढ : कोणाचाच रंग गेला नाही, सगळं जांभळं. सॅफ्रानिन काढ : ग्रॅम-निगेटिव्ह तिथेच आहेत, पण तुला दिसणार नाहीत. आणि सुरुवातीला स्लाईड ज्योतीवरून फिरवायचं विसरलीस तर नळाखाली सगळा स्मिअर (स्लाईडवर पसरलेला जिवाणूंचा थर) बेसिनमध्ये. हे शेवटचं पुस्तकात नसतं, प्रॅक्टिकलला मात्र हमखास घडतं.

दोन बारकावे. अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं तर पॉझिटिव्हही रंग सोडतात. आणि कल्चर (वाढवलेले जिवाणू) शिळं असेल तर भिंती झिजलेल्या असतात, पॉझिटिव्ह जिवाणू गुलाबी दिसतात. ‘नेहमीपेक्षा वेगळं दिसलं, कारण सांगा’ या प्रश्नाला ही दोन उत्तरं.

याच पेपरात जिवाणूंच्या वाढीवरही प्रश्न असतो, म्हणून जाता जाता. ई. कोलाय हा जिवाणू उत्तम माध्यमात दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. दहा तासांत ३० पिढ्या, एकाचे सुमारे १०७ कोटी. हाच वेग चोवीस तास टिकला, तर ७२ पिढ्या आणि एका पेशीचं वजन ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग धरून वजन होतं सुमारे ४,७०० टन. घरातलं दह्याचं भांडं तेवढं जड होत नाही, कारण दह्यातल्या जिवाणूंना त्यांनीच केलेलं आम्ल भोवतं. लॉग फेज (दुपटीने वाढायचा काळ) संपली, स्थिर अवस्था आली. विरजणावर हा हिशोब करून बघ. आई म्हणते, उद्या पाहुणे आहेत, दही लवकर लागू दे, दुप्पट विरजण घाल. वेळ निम्मा होईल? नाही. दुप्पट विरजणाने फक्त एक पिढी वाचते. दहापट घातलं तरी जेमतेम सव्वातीन पिढ्या. पिढीला चाळीस मिनिटं धरली तर दहापट विरजणाने दोन तास दहा मिनिटांच्या आसपास वाचतील, आणि दही पहिल्यापासून आंबूस. दूध कोमट ठेवलं, भांडं गुंडाळून ठेवलं, तर पिढीचाच वेळ कमी होतो आणि तो फायदा प्रत्येक पिढीला मिळत राहतो. थंडीत दही लागत नाही त्याचं कारण हेच. पीएच ४.६च्या आसपास आला की केसिन हे दुधातलं प्रथिन एकत्र येऊन घट्ट होतं, त्याला आपण दही लागलं म्हणतो. जिवाणूंच्या दृष्टीने तेव्हा मेजवानी संपत आलेली असते.

आता झुरळ. तू लिहिलंस, ‘झुरळ चिवट असतं.’ तपासणाऱ्याला हसू आलं असेल, मलाही आलं. आधी उलट प्रश्न विचार : आपलं डोकं गेलं की आपण कशाने मरतो? श्वासाचं नियंत्रण मेंदूच्या देठात आहे, ते जातं. रक्त दाबाखाली बंद नळ्यांतून वाहतं, ते उसळून बाहेर पडतं. खाणं-पिणं तर पुढची गोष्ट. आता झुरळात यातली प्रत्येक गोष्ट कुठे आहे ते बघ.

श्वास : झुरळ तोंडाने श्वास घेतच नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात, दोन छातीवर, आठ पोटावर. तिथून ट्रेकिआ नावाच्या नळ्या फाटे फुटत फुटत थेट स्नायूपर्यंत जातात. आमच्या वेळी झुरळ ट्रेमध्ये पाण्याखाली उघडायचं असायचं, तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरायचं ते हेच : चंदेरी, चकाकणारं नळ्यांचं जाळं. आत हवा असल्यामुळे त्या पाण्यात चांदीच्या तारांसारख्या दिसतात. आता विच्छेदन बंद झालं ते बरंच झालं, पण व्हिडिओ बघताना त्या तारा शोध. रक्त : रक्ताभिसरण खुलं, दाब फार कमी, मानेची जखम हिमोलिम्फ (झुरळाचं रक्त) गोठून बुजते. चेता : डोक्यात मेंदू आहे, पण छातीत तीन आणि पोटात सहा गुच्छिका (चेतापेशींचे गठ्ठे) आहेत, पाय हलवायला आणि श्वासरंध्रं चालवायला त्या पुरतात. ऊर्जा : अंग गरम ठेवायचा खर्च नाही, म्हणून उपाशी राहून दिवस काढता येतात. शेवटी ते मरतं ते पाणी आणि अन्न घेता येत नाही म्हणून. या चारांपैकी तीन मुद्दे लिहिलेस तरी पूर्ण मार्क.

यालाच जोडून ‘झुरळाचं रक्त लाल का नसतं’ असं येतं. ऑक्सिजन नळ्यांनी घरपोच येतो, रक्ताला तो वाहायचा नाही, म्हणून हिमोग्लोबिन नाही. मग परत काढघाल करून बघ. कायरोनोमस नावाच्या चिलटासारख्या कीटकाच्या अळ्या गटाराच्या गाळात राहतात, जिथे ऑक्सिजन तुटपुंजा असतो. त्या कीटक असूनही लालभडक असतात, हिमोग्लोबिनमुळे. मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळतात त्या याच. आणि दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिकाच्या समुद्रातले आइसफिश : पृष्ठवंशी असून मोठेपणी त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतं, रक्त पाण्यासारखं. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, आणि मोठं हृदय भरपूर रक्त फिरवून उरलेली कसर भरून काढतं. गांडूळ विसरू नकोस, त्याच्यात हिमोग्लोबिन आहे पण पेशींत बंद नाही, प्लाझ्मात विरघळलेलं. ‘लाल रक्त म्हणजे तांबड्या पेशी’ असं लिहिलेल्या प्रत्येक उत्तराचा मार्क मी गांडुळावर कापते.

शेवटी तू विचारलंस की सोमवारी मायटोसिसचं (वर मुळाच्या पेशीत बघितलेल्या साध्या विभाजनाचं) प्रॅक्टिकल आहे, घरी कांद्याचा सराव करून जाऊ का. जरूर कर. मध्यम आकाराचा, कोंब न आलेला कांदा घे, खालची वाळलेली मुळं ब्लेडने खरवडून टाक, पण बुडाची चकती कापू नकोस. पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटलीच्या तोंडावर असा ठेव की फक्त बूड पाण्याला टेकेल. बुधवारी रात्री ठेवलास तर शनिवार-रविवारपर्यंत बोटाच्या पेराएवढी पांढरी मुळं येतील. पाणी रोज बदल, नाहीतर मुळं तपकिरी होऊन कुजतात. तुझ्याकडे सूक्ष्मदर्शक आणि ॲसिड नाही, त्यामुळे घरी करायचं ते एवढंच : टोकाचे फक्त दोन मिलिमीटर कापायचा सराव. दर वर्षी मुलं सेंटिमीटरभर मूळ कापून आणतात आणि लांबट, शांत पेशी बघत तास घालवतात. विभाजन चाललेलं असतं ते टोकाशी, आणि रंग दिल्यावर तोच भाग सगळ्यात गडद दिसतो. बाकीचा तुकडा स्लाईडवर ठेवूच नकोस. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब. दाबताना अंगठा सरकला की पेशी वळकट्यांसारख्या गुंडाळल्या जातात आणि मेटाफेज शोधता शोधता अर्धा तास जातो.